कालव्याच्या वरचा शाळू

आज सकाळी गोधड्या उन्हाला टाकायला स्लॅबवर गेले आणि तिथंच थबकले. खाली कालव्याच्या अंगाकडून एक काळसर पट्टा आभाळात वर चढत होता. आधी वाटलं, कारखान्याचा धूर असेल. पण धूर असा वळत नाही. तो पट्टा एकदम वळला, पसरला, पुन्हा गोळा झाला आणि आमच्या माळाकडं निघाला. भोरड्या आल्या होत्या. काळ्या डोक्याची, गुलाबी पोटाची ही पाखरं दरसाल थंडीत कुठल्या तरी लांबच्या मुलखातून येतात. रात्री कालव्याखालच्या उसात झोपतात आणि दिवसा कालव्यावरच्या ज्वारीत जेवतात.

"वन्सं, आल्या!" मी वरूनच ओरडले.

"मला डोळं हायती की, वयनी," खालून उत्तर आलं.

वन्सं म्हणजे माझी नणंद, सुमन. तोवर त्या चपला घालून, खांद्यावर गोफण टाकून रानाच्या वाटेला लागल्याही होत्या. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्या सालापासून दर पौषात माझं हे असंच होतं. गोधडी हातातच राहिली आणि मी तशीच उन्हात बसून राहिले.

आमच्या भागाचं हवामान एका दमात सांगता येतं. कालव्याच्या खाली पाणी आणि कालव्याच्या वर वारा. माझं माहेर सणसर, कालव्याखालचं. लहानपणी मला पावसाचं फारसं कौतुक नव्हतं, कारण त्याची वाट कधी बघावी लागली नाही. पाणी पाटानं यायचं, ऊस उभा राहायचा, आणि आमच्याकडचा माणूस आभाळाकडं बघायचा तो फक्त विमान गेलं तर. सणसरच्या वर दीड-दोन कोसांवरच्या ह्या वाडीत माझं लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "पोरगी हाकेच्या अंतरावर दिलीया." ते खरंच होतं. माहेराहून हाक येत होती, पाणी तेवढं येत नव्हतं.

पहिल्याच आषाढात मला सासरचा वारा कळला. चांगले काळेभोर ढग मावळतीकडून यायचे, डोक्यावरून जायचे आणि मागं वळूनही बघायचे नाहीत. खाली फक्त वारा. पत्रे वाजायचे, परातीतल्या पिठात माती यायची, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरावा लागायचा, मग घागर कुणी धरायची? पाऊस पडायचा तो वर भोर-वेल्ह्याच्या डोंगरात, आणि पूर यायचा आमच्या नीरेला. नदीकाठच्या निरवांगीच्या लोकांनी छत्री न उघडता पूर बघितलेला आहे. टीव्हीवरची बाई "बारामती परिसरात हलक्या सरी" असं म्हणाली की माझे सासरे, तात्या, दारातून वर बघायचे आणि म्हणायचे, "परिसर म्हंजी आमी न्हाय."

पण ह्या वाऱ्याच्या माणसांकडं एक गोष्ट होती जी माझ्या माहेरी नव्हती. त्यांना थंडीची किंमत ठाऊक होती. इथला पाऊस येतो तो परतीच्या वाटेवर, हस्त नक्षत्रात, आणि आला तर दोन-चार दिवसांत सगळा हिशेब उरकून जातो. काळी जमीन तेवढं पाणी पोटात धरून बसते. मग त्या ओलीवर शाळू पेरायचा, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि पुढं तिला कुणी पाणी पाजत नाही. ती वाढते थंडीवर आणि दहिवरावर. पहाटे पानांवर जे दव पडतं, त्याला आमच्याकडं दहिवर म्हणतात. माहेरी असताना मी देवाजवळ पाऊस मागणारी माणसं बघितली होती. थंडी मागणारी माणसं मी पहिल्यांदा सासरी बघितली.

वन्संचं लग्न लोणी भापकरला झालं होतं. तेही कोरडवाहूच गाव, शाळूचं. नवरा आजारपणात गेला. सासरच्यांनी हाकललं नाही, पण वन्सं स्वतःच्या पायांनी माहेरी परत आल्या. आमच्या घरात तेव्हा तात्या, आमचे हे आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सगळे वन्संशी फार प्रेमानं वागायचे, आणि त्या प्रेमाचाच त्यांना काच व्हायचा. पाण्याला गेल्या की कोणीतरी घागर काढून घ्यायचं. खुरपं हातात घेतलं की तात्या म्हणायचे, "बस की पोरी. बसून खा." ज्या बाईला उभ्या आयुष्यात बसणं ठाऊक नाही तिला बसून खा म्हणणं ही शिक्षाच आहे. चार घास सगळे देत होते, रान कुणी देत नव्हतं.

एका सकाळी भाकरी थापता थापता त्यांनी हात झटकले आणि दुकानातून आणलेल्या पिठाकडं बोट केलं. "ही भाकरी हाय व्हय, वयनी? पापुद्रा न्हाय, चव न्हाय. वाडीत एक बी माणूस शाळू पेरंना झालाय. सगळ्यास्नी मका पायजे न्हायतर कांदा." आणि तशाच पिठाच्या हातांनी ओसरीवर गेल्या. "तात्या, ओढ्याकडचं रान मला द्या. औंदा मी माझ्या मनानं शाळू पेरणार."

तात्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. ते माणूस वाईट नव्हतं, पण बाई रान बघते हे त्यांनी कुठं बघितलंच नव्हतं. शेवटी म्हणाले, "शाळू पेरायचा सोडला का, ठावं हाय ना? राखण कोण करणार? बरं, औंदाचं साल तुझं. पिकवून दाव. पिकलं तर ते रान तुझ्या हाताखाली, मी मधी बोलणार न्हाय. न्हाय पिकलं तर पुन्यांदा विषय काढायचा न्हाय. आन रास हुईस्तोवर मी त्या रानात पाय ठिवणार न्हाय. मग म्हनशील तात्यानीच केलं सगळं."

"नका ठिवू," वन्सं म्हणाल्या.

आमचे हे माझ्याकडं बघत राहिले, मी चुलीकडं बघत राहिले. बाप आणि लेक दोघंही एकाच मातीचे, हे मला त्या दिवशी कळलं.

हस्त त्या साली बोलल्यासारखा आला. ओढा भरून वाहिला, बांधावरच्या बाभळी धुऊन निघाल्या, आणि पावसानंतर काळ्या रानातून जो वास उठला तो मला अजून ओळखता येतो. त्याला ओला म्हणता येत नाही आणि कोरडाही म्हणता येत नाही. रानात वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन मातीत नुसती ओल राहिली, तसे वन्संनी ट्रॅक्टर बोलावून पेरून घेतलं. वाडीतल्या लोकांना फुकटची करमणूक झाली. पारावर कुणीतरी म्हणालं, "सुमनअक्कांनी पाखरांसाठी अन्नछत्र काढलंय." वन्संनी ऐकलं आणि पदर खोचून पुढं गेल्या. मला मात्र चांगलाच राग आला होता, तो मी घरी येऊन भांड्यांवर काढला.

दिवाळी झाली. शाळू गुडघ्याला लागला, मग कमरेला. आणि मार्गशीर्षात आभाळ भरून आलं. अवेळी, मुकं, कोंदट आभाळ. थंडी पळाली. अशा हवेत शाळूवर मावा पडतो, बारीक किडे, आणि पानं चिकट होतात, साखर सांडल्यासारखी. रोज सकाळी वन्सं पानावर बोट फिरवायच्या आणि ते बोट माझ्यापुढं करायच्या. मी त्यांच्या बोटाला हात लावायचे, दोघींची बोटं चिकटायची, आणि आम्ही तशाच घरी यायचो. तात्या ओसरीवर बसून वर बघायचे. विचारायचे काही नाहीत, शब्द दिलेला होता ना!

मग एके दिवशी दुपारी वारा फिरला. उत्तरेकडून आला, बारीक, सुरीच्या पात्यासारखा. संध्याकाळी तात्यांनी कानटोपी मागितली. दुसऱ्या दिवशी पहाटे घागरीतल्या पाण्यात हात घालवेना आणि शाळूच्या प्रत्येक पानावर दहिवराची रांग लागली होती. वन्सं त्या पानांमधून चालत गेल्या आणि कमरेपर्यंत भिजून परत आल्या. दात वाजत होते आणि बाई हसत होत्या. मी त्यांना चुलीपाशी बसवलं. इतक्या आनंदानं कुडकुडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

आता इथं माझ्या माहेरची गंमत सांगितलीच पाहिजे. पौषात कणसं भरायला लागली तशी काळ्या रानाला भेगा पडल्या. पाय जाईल एवढ्या. शाळूच्या रानात त्या पडतातच, इकडं त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण माझा धाकटा भाऊ दिलीप मला भेटायला आला आणि बांधावर उभा राहून गारच पडला. पिकाला काहीही झालं तरी आमच्या सणसरला औषध एकच, पाणी. तो तसाच परत गेला. दोन दिवसांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत इंजिन आणि पाइपांची चळत घालून हजर. शेजाऱ्याच्या शेततळ्यातून पाणी घ्यायची बोलणीही परस्पर करून आलेला.

"आक्का, काळजी करू नगं. दिवसभरात समदं रान भिजवून टाकतो," असं म्हणून त्यानं पाइप अंथरायला घेतलेसुद्धा.

वन्सं धावत आल्या आणि पाइपाच्या तोंडावरच पाय रोवून उभ्या राहिल्या. "दिलीपराव, माझ्या पिकाला पान्यात बुडवून मारताय व्हय?"

"अवो ताई, रान फाटलंय! दिसंना का तुमास्नी?"

"फाटू द्या. मुळं खाली गेल्याती. कणसं जड झाल्यात, आता पानी पाजलं तर माती सुटंल आन पहिल्या वाऱ्याला समदं लोळंल. ऊस न्हवं ह्यो, शाळू हाय."

दिलीप माझ्याकडं बघायला लागला. मी कुणाची बाजू घ्यायची? मी दोघांना चहा ठेवते म्हणाले. कालव्याखालचा माणूस कालव्यावर आला की असाच पाणी घेऊन येतो, आणि त्याच्या मनात प्रेमाशिवाय दुसरं काही नसतं. पाइप परत ट्रॉलीत गेले. पण त्याचा चेहरा एवढा पडला की वन्संनाच वाईट वाटलं. त्यांनी गोवऱ्यांची आगटी पेटवली, कोवळी कणसं भाजली, तळहातावर चोळून गरम हुरडा त्याच्या ओंजळीत घातला, वर लसणाची चटणी. ऊसवाल्यानं तो खाल्ला आणि बराच वेळ खाली मान घालून खातच राहिला. निघताना म्हणाला, "ताई, पान्याचं चुकलंच. पर दुसरं काय बी काम आसंल तर सांगा."

ते काम आठवड्याभरातच निघालं. भोरड्या आल्या.

मका आणि कांद्याच्या त्या सगळ्या पसाऱ्यात आमचा एकटा शाळू उभा होता, दुधाळ दाण्यांनी भरलेला. हजारोंनी पाखरं उतरली. एक थवा बसून उठला की कणसं चिपाडासारखी दिसायची. ह्यांनी बारामतीहून एक भोंगा आणला, त्यात ससाण्याचा आवाज भरलेला. पहिल्या दिवशी पाखरं घाबरली. दुसऱ्या दिवशी लांब बसून ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी भोंग्यावर येऊन बसली. ह्यांनी तो गुपचूप काढून आणला आणि कॉटखाली सरकवला, अजून तिथंच आहे.

मग वन्संनी घायपाताच्या वाखाची, म्हणजे त्याच्या पानांतल्या धाग्यांची, गोफण वळली. रानाच्या मधोमध चार वासे रोवून माळा बांधला आणि उजाडायच्या आत त्यावर जाऊन उभ्या राहू लागल्या. अडचण एकच होती. भोरड्या एकदा बसल्या की बसल्या, उठेपर्यंत नासाडी करायच्या. त्या उतरायच्या आतच त्यांना उधळायला हवं होतं, आणि त्या कधी, कुठून येतील ते आधी कळायला हवं होतं.

मला एकदम सुचलं. ह्या पाखरांचा मुक्काम कुठं? माझ्या माहेरच्या उसात! राहायला माझं माहेर आणि जेवायला माझं सासर. मी दिलीपला फोन लावला. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे आपल्या उसाच्या बांधावर उभा राहू लागला. पाखरं उसातून उठली की फोन यायचा, "आक्का, निघाल्या! वड्याच्या अंगानं येत्यात!" मी खालून ओरडायचे, वन्सं माळ्यावरून गोफण फिरवायच्या. आधी सटकन् आवाज, मग त्यांची आरोळी, "हाऽऽ हुर्रर्र हाऽऽ!" आमचे हे डबा वाजवायचे, मी परात. वर आभाळात थवा कचकन् वळायचा आणि माळाकडं निघून जायचा. तिथं नुसतं गवत, तिथं काय खायचं ते खा. हे वळणं इतकं सुंदर असायचं की मी परात वाजवायचं विसरायचे, आणि वन्सं वरून मला शिव्या द्यायच्या.

तात्या घरीच असायचे, निदान आम्हाला तसं वाटायचं.

आणि मग ती धुक्याची सकाळ. हाताला हात दिसत नव्हता. दिलीपचा फोन आला, पण त्याचा आवाजच रडवेला होता. "आक्का, निघाल्याती, फडफड ऐकू आली. पर कुठल्या अंगाला गेल्या ते दिसंना गं!"

मी माळ्याखाली उभी होते. वन्सं वर होत्या, म्हणजे असाव्यात, मला त्यांचे नुसते पाय दिसत होते. दाणा पिकायला आला होता. एवढा एक आठवडा काढला असता तर रान त्यांचं होतं. दिसत नसताना गोफण मारायची कुठं? वन्संनी आम्हाला गप्प राहायला सांगितलं. सगळं रान गप्प झालं. दहिवर पानांवरून गळत होतं तेवढाच आवाज. 

आणि धुक्यातून, बांधाच्या बाजूनं, आवाज आला. "पोरी, उगवतीच्या अंगाला! डोक्यावर आल्याती, मार!"

तात्या!

सटकन् गोफण वाजली. "हाऽऽ हुर्रर्र हाऽऽ!" डोक्यावर नुसत्या पंखांचा प्रचंड वारा आला, दिसलं काही नाही, गालांना तेवढा लागला. ह्यांनी डबा फोडायचाच बाकी ठेवला. तो वारा वर गेला, लांब गेला, माळाकडं विरला. पुन्हा दहिवराचा आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा कळलं की एकही पाखरू बसलं नाही.

ऊन वर आल्यावर धुकं फाटलं. तात्या बांधावर उभे होते, कानटोपी घालून, काठी टेकून. बांधावर, रानात नाही. पायाखालचं गवत चांगलं मळलेलं होतं. रोजची जागा असल्याशिवाय गवत असं मळत नाही. आम्ही बघतोय म्हटल्यावर त्यांनी घसा खाकरला. "मी रानात पाय ठिवला न्हाय," असं म्हणून घराकडं चालू लागले. वन्सं माळ्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी खाली उभी राहून रडले. आमचे हे म्हणाले, "च्या कोण करणार?"

शाळू काढला तेव्हा वाडी बघायला आली. पारावर ज्यानं अन्नछत्राचा विषय काढला होता तो स्वतः येऊन कडब्याच्या पेंढ्या बांधू लागला. मळणी यंत्रातून दाणा पडायला लागला, मोत्यासारखा टपोरा, आणि खळ्यावर रास उभी राहिली. आता पोती काट्यावरच भरतात. पण आमच्या घरात पहिली मापं अजून जुन्या लोखंडी मापानंच घालायची पद्धत आहे, आणि ती घरातल्या कर्त्यानं. बाईनं सुपानं दाणा ओढून द्यायचा, मापाला हात लावायचा नाही. आणि मोजायला सुरुवात एकपासून होत नाही. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. तो लाभ ज्याच्या तोंडून निघतो, रान त्याचं.

राशीला हळदकुंकू झालं, नारळ फुटला. दिलीप सणसरहून आला होता, कधी नव्हे तो पाइप न घेता. तात्या राशीपाशी बसले, माप पुढं ओढलं. वन्सं सूप घेऊन समोर बसल्या. सगळे गप्प. लाभ म्हणेपर्यंत कुणी बोलायचं नसतं. मी वन्संकडं बघत होते. त्या खाली बघत होत्या, आणि सुपाची कड त्यांनी घट्ट धरली होती.

तात्यांनी माप कपाळाला लावलं. आणि दाण्यात बुडवायच्या ऐवजी ते तसंच वन्संपुढं धरलं.

"तात्या, पद्धत..." आमचे हे कुजबुजले.

"पद्धत मला ठावं हाय. कर्त्यानं मापायचं. ती कर्ती हाय." मग लेकीला म्हणाले, "धर. आन सूप हिकडं दे."

आजही स्लॅबवर बसून मला ते तसंच दिसतं. तात्या आता नाहीत. ओढ्याकडचं रान वन्संचं आहे, उताऱ्यावरसुद्धा. वाडीत आता तिघा-चौघांनी पुन्हा शाळू धरला आहे आणि पहाटे एकमेकांना फोन करून पाखरं माळाकडं लावून देतात. पुण्याची माणसं हुरड्याला येतात, वन्सं त्यांना खाऊ घालतात, मात्र रानात गाणी वाजवू देत नाहीत. आत्ताही खालून सटकन् गोफणीचा आवाज आला, मागोमाग आरोळी, आणि तो काळसर पट्टा माझ्या डोळ्यांदेखत वळला.

तीच आरोळी. त्या दिवशी खळ्यावर तात्या सूप हातात घेऊन बसले होते, बाप लेकीला दाणा ओढून देत होता, आणि वन्संनी माप शिगोशीग भरलं, वर उचललं, आणि लाजत-बुजत नाही, पाखरं उठवायच्या त्याच आवाजात, कालव्याच्या खालपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लाभ!"